स्मरणचित्राचे २ तास आणि रंगांची निवड

प्रश्न : माझी मुलगी नववीत असून यंदा इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेला बसणार आहे. घरी तिची जलरंगातील चित्रे चांगली होतात. परंतु सरावाच्या वेळी स्मरणचित्र, म्हणजे दिलेल्या विषयावर आठवणीतून काढायचे चित्र, २ तासांत पूर्ण होत नाही आणि घाईत रंग एकमेकांत मिसळून चिखल होतो. तिने जलरंग सोडून तेलखडू किंवा पोस्टर रंग घ्यावेत का? — एक पालक, सातारा

उत्तर : आपल्या मुलीचा वेळ रंगवण्यात जातो की रंग वाळण्याची वाट पाहण्यात, हे एकदा घड्याळ लावून पाहावे. माझा अनुभव असा की बहुतेक मुलांचा वेळ दुसऱ्या कारणाने जातो. ही परीक्षा साधारणतः पावसाळा सरताना येते. त्या दमट हवेत, उन्हाळ्यात काही मिनिटांत वाळणारा वॉश (भरपूर पाणी घालून दिलेला रंगाचा पातळ थर) बराच वेळ ओला राहतो, आणि त्यावर दुसरा हात फिरवला की खालचा रंग उठतो. जलरंगातील डिंक वाळल्यानंतरही पाण्याने पुन्हा विरघळतो, त्यामुळे घाईची दुरुस्ती तेथे सहसा अंगलट येते.

पोस्टर रंग अपारदर्शक असल्याने गडद रंगावर फिका रंग चढवता येतो. बाजाराच्या दृश्यात एखादी मानवाकृती राहून गेली, तर ती मागाहूनही घालता येते. जलरंगात मात्र तिच्यासाठी कागद आधीच कोरा राखावा लागतो. मात्र हा रंग ओला असताना दिसतो त्याहून वाळल्यावर काहीसा वेगळा दिसतो, म्हणून मोठ्या भागासाठी लागणारे मिश्रण एकदाच पुरेसे करून ठेवावे. त्याच छटेचे दुसरे मिश्रण जमवता जमवता १० मिनिटे कशी गेली, हे कळतही नाही.

तेलखडूंना वाळण्याची अडचण नाही आणि मोठे भाग झपाट्याने भरतात. परंतु चेहरा, हातांची बोटे, सायकलची चाके असे बारकावे त्यांत बोथट होतात. रंगीत पेन्सिलींचे नेमके उलटे आहे, म्हणून संपूर्ण कागद पेन्सिलींनी भरण्याचा बेत करू नये.

तरीही मी तिला जलरंग पूर्णपणे सोडायला सांगणार नाही, कारण वर्षभर सवय झालेला हात आयत्या वेळी बदलणे अधिक धोक्याचे असते. आकाश, जमीन, भिंती यांचे पातळ वॉश जलरंगात आधी द्यावेत आणि ते वाळेपर्यंत, त्यांना न टेकणाऱ्या कोपऱ्यातील आकृत्या रंगवाव्यात. पुढच्या आकृत्या व पांढरे उजेड शेवटी पोस्टर रंगात घ्यावेत. रेखाटन २५ मिनिटांच्या पुढे जाऊ देऊ नये. असा मिश्र वापर प्रश्नपत्रिकेवरील माध्यमाविषयीच्या सूचनेत बसतो का, हे चित्रकला शिक्षकांना आधीच विचारून घ्यावे.

घरचा सराव पंख्याखाली करू नये, अन्यथा वाळण्याचा अंदाज चुकतो. पोस्टर रंगाच्या बाटल्यांची झाकणेही आदल्या रात्री उघडून पाहावीत. सुकलेल्या रंगाने ती घट्ट बसलेली असतात.