उंबरठ्यावर बसू नकोस

प्रिय मुली,

मैत्रिणीचा पहिला कवितासंग्रह आला आणि तुझ्या पोटात कालवलं. तिचं अभिनंदन करताना आवाजात ओढूनताणून आनंद आणावा लागला, याची तुला त्याहून जास्त लाज वाटते आहे. पत्रात हे सगळं इतक्या खरेपणानं लिहिलंस, म्हणून मीही तुला माझ्या मनात वर्षानुवर्षं घर करून असलेली एक गोष्ट सांगते.

रोमन कवी ओव्हिडनं ‘मेटामॉर्फोसेस’ या दीर्घकाव्यात असूयेचं घर दाखवलं आहे. दरीच्या तळाशी, धुक्यात बुडालेलं. तिथं ऊन पोचत नाही, वारा फिरकत नाही, विस्तव पेटत नाही. मिनर्व्हा देवी, म्हणजे ग्रीकांची अथीना, तिथं येते. पण आत पाऊल टाकत नाही, भाल्याच्या टोकानं दार वाजवते. असूया आत सापाचं मांस खात बसलेली असते. ते पाहून देवी तोंड फिरवते. असूया अर्धे खाल्लेले साप तसेच टाकून जडपणे उठते. पांढराफटक चेहरा, वाळलेलं अंग, नजर कधी सरळ नाही, डोळ्याला डोळा नाही. हसू फुटतं ते दुसऱ्याच्या वेदनेनं. ती स्वतःच स्वतःची शिक्षा आहे, असं ओव्हिड म्हणतो. पुढं ती अथेन्सजवळ येते. विद्या, संपत्ती आणि शांतता यांनी बहरलेलं ते नगर पाहून तिला रडू जेमतेम आवरतं, कारण तिथं रडण्यासारखं काहीच दिसत नाही! ही ओळ वाचून मी प्रत्येक वेळी थबकते.

मिनर्व्हानं तिला अग्लॉरोसकडं धाडलेलं असतं. अग्लॉरोस ही अथेन्सच्या राजाची मुलगी. तिच्या बहिणीवर, हर्सेवर, मर्क्युरी देवाचं मन जडलं आहे. असूया अग्लॉरोसच्या छातीला हात लावते, काळजात काटे भरते आणि बहिणीचं सुख डोळ्यांपुढं उभं करते. आणि ओव्हिड सांगतो, सगळं मोठं करून दाखवते. इथं जरा थांब. हर्सेचं लग्न अजून झालेलंच नाही. देव एकदा येऊन मागणं घालून गेलाय, एवढंच. जे घडलेलंच नाही त्या भाग्यावर अग्लॉरोस झुरायला लागते, मंद उन्हात बर्फ वितळावा तशी झिजत जाते. तूही रात्री जागून मैत्रिणीचे पुरस्कार, तिची भाषणं, दहा वर्षांनंतरचं तिचं नाव असं सगळं मनात रचत होतीस ना? प्रत्यक्षात तिच्या हाती एक पातळ पुस्तक आहे.

शेवटी अग्लॉरोस बहिणीच्या दारात आडवी बसते. देवाला म्हणते, तुला हाकलल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मर्क्युरी म्हणतो, बरं, तसंच होऊ दे. ती उठू पाहते, पण पाय उचलत नाहीत. गारठा वर चढत जातो, श्वास कोंडतो आणि तिचा दगड होतो. तोही पांढरा नाही, काळा. तिच्याच मनानं डागाळलेला.

छातीतले काटे तिनं मागून घेतले नव्हते. दारात बसणं मात्र सर्वस्वी तिचं होतं. तुझ्या लाजेवर मला एवढंच म्हणायचंय. पोटात कालवलं यात तुझा गुन्हा नाही. ‘तिची ओळख होती म्हणून छापलं’ असं कुणाजवळ पुटपुटणं, तिच्या कवितेचा विषय निघाला की गप्प बसणं, हे उंबरठ्यावर बसणं आहे. ते अजून तू केलेलं नाहीस.

ग्रीक देवांच्या राणीचा, हेराचा मत्सर वेगळा. आपला नवरा दुसरीकडं जाईल या भयानं ती आयो नावाच्या त्याच्या प्रेयसीच्या मागं गोमाशी लावते. तुझं कुणी काही नेलेलं नाही, म्हणून तिच्या कथांत फार शोधू नकोस. डेडलसची मात्र वाच. ग्रीक कथांमधला सर्वांत मोठा कारागीर. त्याच्याकडं बहिणीचा बारा वर्षांचा मुलगा शिकायला होता. माशाचा काटा पाहून पोरानं करवत बनवली, वर्तुळ काढायचा कंपास शोधला. मामानं त्याला अक्रोपोलिसवरून, म्हणजे अथेन्सच्या गडावरून, ढकलून दिलं. अथीनानं त्याला पंख देऊन वरच्यावर झेललं आणि तितर केलं. अजूनही तो पक्षी उंच उडत नाही, घरटं खालीच बांधतो. डेडलसपाशी कसली कमतरता होती? गुण असले की असूया शिवत नाही, हे खरं नाही. शिकवणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये असं मला कळकळीनं वाटतं, आणि उद्या तुझ्याकडंही कुणीतरी शिकायला येईल.

ओव्हिडच्याही कितीतरी आधी हेसियड हा ग्रीक कवी सांगून गेला की एरिस, म्हणजे चढाओढीची देवी, एक नाही, दोन आहेत. एक युद्धं लावते. दुसरी शेजाऱ्याचं नांगरलेलं शेत दाखवून आळशालाही कामाला लावते. तिच्याच वर्णनात तो म्हणतो, कुंभार कुंभारावर चिडतो, सुतार सुतारावर, भिकारी भिकाऱ्याचा हेवा करतो आणि गायक गायकाचा. चांगल्या एरिसच्या वर्णनात ही चिडचिड कशी, असं अभ्यासकांना कोडं पडतं. मला ते तसं अवघड वाटत नाही. राग तोच असतो. तो घेऊन माणूस शेजाऱ्याच्या दाराशी जातो की आपल्या चाकाशी, यावर पुढचं ठरतं.

मैत्रिणीनं तुला संग्रहाचं परीक्षण लिहायला सांगितलंय आणि तू अजून उत्तर दिलेलं नाहीस. आजच हो म्हण. संग्रहातली अशी एक कविता निवड, जी तुला लिहिता आली नसती. ती कशी उभी राहिली ते ओळीओळीनं मांड. जिथं ती फसली असेल तिथं तेही सांग; खोटं कौतुक तिच्या उपयोगाचं नाही. कच्चा खर्डा मला पाठव, आणि सोबत तुझी नवी कविताही, जशी असेल तशी.