लंडन टॉवरचे ‘बीफईटर’ नुसते फोटोपुरतेच असतात का?

फोटोपुरते कसले! ‘बीफईटर’ म्हणजे लंडन टॉवर या किल्ल्याचे रखवालदार, म्हणजेच ‘वॉर्डर’; आणि हे सगळे निवृत्त फौजी. सैन्यात किमान २२ वर्षं काढून वॉरंट ऑफिसरच्या हुद्द्यापर्यंत पोचलेल्यांनाच इथे घेतात. आता दिवसभर पर्यटकांना किल्ला दाखवत फिरतात, हे खरं. पण रोज रात्री दहाच्या सुमारास मुख्य वॉर्डर हातात कंदील घेऊन दरवाजांना कुलपं लावत येतो, तेव्हा पहाऱ्यावरचा सैनिक त्याला चक्क अडवतो.

“कोण आहे?”

“किल्ल्या.”

“कुणाच्या किल्ल्या?”

“राजे चार्ल्स यांच्या.”

मगच पुढे सोडतात. शेकडो वर्षं हे चालू आहे. ही मंडळी कुटुंबासह किल्ल्यातच राहतात. २००७ मध्ये मोइरा कॅमेरॉन पहिल्या महिला वॉर्डर झाल्या. अस्वलाच्या केसांची उंच टोपी घातलेले मात्र वेगळे, ते सेवेतले सैनिक.