बदाम राहू देत, जेवतोस कधी ते सांग

प्रिय पोरा,

मेसेज वाचला तुझा. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करताना दुपारी दोन ते चार डोक्यात काय शिरंना, एकच पॅरेग्राफ चारदा वाचायलोय असं लिहिलंयस आणि वर विचारतोयस बदाम किती खाऊ. बदाम राहू देत लेका, आधी जेवणाचं टायमिंग सांग.

नको सांगू, मला माहितीय. रात्री दोनपर्यंत जागायचं, सकाळी नुसता चहावर चहा, अकराला भूक आवरंना म्हणून मिसळ, कट दोनदा मागून, चार पाव, आणि परत येऊन रीझनिंग. कोल्हापुरात राजारामपुरीत कॉटबेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्यानं घेऊन, होतो तेव्हा मीपण हेच केलंय, अगदी प्रीलिमच्या, म्हणजे पूर्व परीक्षेच्या दिवशी दोन पेपरच्या मधल्या वेळेत मेसमध्ये पोटभर जेवलो, भात दोनदा घेतला, आणि सीसॅटचा, म्हणजे दुसऱ्या पेपरचा उतारा वाचता वाचता मान खाली. घरी सांगितलं पेपर अवघड होता.

मेंदू वजनाला शरीराच्या साधारण २ टक्के, पण एनर्जी खातो २० टक्के, आणि ती त्याला सारखी लागते. रात्रभर लिव्हर साठवलेली साखर सोडत राहतं म्हणून उठल्याउठल्या काय चक्कर येत नाही, पण रात्री नऊला जेवून दुसऱ्या दिवशी अकराला खाल्लंस तर मधे १४ तास झाले की रे. आणि दुपारची सुस्ती थोडीफार तर शरीराच्या घड्याळातच असते, न जेवतासुद्धा येते, त्यात तू पाव, भात, तेल टाकतोस.

तालमीतला पैलवान बघ, पहाटे जोर-बैठका, मग खुराक, थंडाई, आणि दुपारी सरळ आडवा. त्याचं बरोबर आहे, त्याला अंग भरायचंय. तू जेवतोस पैलवानासारखं आणि बसतोस गणितं सोडवायला.

उठल्यावर तासाभरात काहीतरी पोटात घाल, पोहे, दही-भाकरी, दोन अंडी, काय पण. अवघड विषय तेव्हाच काढ. साडेबाराला भाकरी, उसळ, वाटीभर भात, आणि पोटात थोडी जागा ठेव. मग गल्लीच्या टोकापर्यंत चालून ये (रंकाळा तलावावर जाऊ नको, तिथं मित्र भेटतात), अलार्म लावून वीस मिनिटं पड, आणि तीनपर्यंत नोट्स उतरवायचं असलं हलकं काम कर. चहा पाचनंतर बंद, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचेक तास जातात, मग झोप लागत नाही आणि सकाळ परत तशीच. परीक्षेआधी महिनाभर तरी पेपरच्या टायमाप्रमाणंच जेवत जा.

सगळं एकदम जमणार नाही, आधी सकाळचं तेवढं बघ.

रविवारी घरी ये. काकू तांबडा-पांढरा करणार आहे, पोटभर खा, फक्त पुस्तकं रूमवर ठेवून ये.

तुझा,
काका