सल्ला देणारा नेमका कुणाचा?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे असून शिक्षक म्हणून निवृत्त झाले आहेत. दादरच्या ज्या बँकशाखेत त्यांचे निवृत्तिवेतन जमा होते, तेथील अधिकाऱ्याने मुदत ठेव मोडायला लावून त्यांना वार्षिक दोन लाख रुपये हप्त्याची युलिप (विमा आणि बाजारातील गुंतवणूक एकत्र असलेली) पॉलिसी दिली. ती हाती येऊन बारा दिवस झाले. यात बँकेला कमिशन मिळते हे आम्हांला नंतर कळले. असे कमिशन घेणे नियमबाह्य नाही का?
– एक वाचक, दादर

उत्तर : तातडीचा भाग आपल्याला दूरध्वनीवरून कळवलाच आहे, इतर वाचकांसाठी तो येथे पुन्हा देतो. पॉलिसीचा दस्तऐवज मिळाल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. अर्ज विमा कंपनीकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. ही मुदत उलटली, तर युलिपमधील पैसे पाच वर्षे अडकून पडतात, आणि ६८व्या वर्षी ही पाच वर्षे फार मोठी असतात.

आता मूळ प्रश्न. कमिशन घेणे नियमबाह्य नाही. विमा विकताना बँक ही विमा कंपनीची एजंट असते. अडचण अशी, की आपले पेन्शन सांभाळणारा माणूस आपल्या भल्याचे सांगतो आहे, असे वडिलांना वाटले आणि समोरचा माणूस मात्र विक्री करत होता. यालाच हितसंबंधांचा संघर्ष म्हणतात.

रोखे बाजारातील मध्यस्थांसाठी सेबीने, म्हणजे त्या बाजाराच्या नियामकाने, ऑगस्ट २०१३ मध्ये यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे काढली. ग्राहकाचे हित नेहमी अग्रक्रमाने पाहावे, संघर्षाचा संभव असेल तेथे तो ग्राहकासमोर उघड करावा आणि ग्राहकाच्या जोखीम-क्षमतेला न पेलणारी योजना विकण्यास उत्तेजन मिळेल अशी मोबदल्याची पद्धत ठेवू नये, असे त्यांत म्हटले आहे. माझ्या मते यातील शेवटचे कलम सर्वांत मोलाचे आहे, कारण महिन्याचे लक्ष्य डोक्यावर असलेल्या कर्मचाऱ्याने कितीही प्रामाणिकपणे माहिती दिली, तरी त्याचा कल कुठे झुकणार हे मोबदल्याची पद्धतच ठरवते. ही तत्त्वे विम्याला लागू नाहीत. तो विमा नियामकाच्या अखत्यारीत येतो.

नुसत्या प्रकटीकरणाने भागत नाही, हे ओळखून सेबीने गुंतवणूक सल्लागारांच्या बाबतीत २०२० मध्ये पुढचे पाऊल टाकले. नोंदणीकृत वैयक्तिक सल्लागाराला वितरणाचा, म्हणजे कमिशनवर गुंतवणूक योजना विकण्याचा, व्यवसाय करता येत नाही. सल्लागार संस्थेलाही एकाच ग्राहकाकडून सल्ल्याची फी आणि त्याच्याच गुंतवणुकीवर कमिशन, असे दोन्ही घेता येत नाही. अवलंबून असलेले पती किंवा पत्नी, मुले आणि आईवडील यांना यासाठी एकच कुटुंब धरले जाते. वडिलांच्या उरलेल्या ठेवींबाबत सल्ला हवा असेल, तर ‘आयएनए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक विचारावा व तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळावा. म्युच्युअल फंडाच्या वितरकाकडे ‘एआरएन’ हा वेगळा नोंदणी क्रमांक असतो. असा वितरक कमिशनवर काम करतो, आणि ते आधीच माहीत असेल तर त्यात गैर काही नाही.

बँकेकडे तक्रार स्वतंत्रपणे लेखी करावी. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. तक्रारीपूर्वी प्रस्ताव-अर्जाची प्रत मागवून वडिलांचे उत्पन्न, गुंतवणुकीचा उद्देश आणि जोखमीची तयारी या रकान्यांत काय भरले आहे ते पाहावे. तेथे वडिलांनी न सांगितलेली माहिती लिहिलेली आढळली, तर तक्रारीची सुरुवात तिथूनच करावी.