एकाच सीरमचा राणीखेतचा टायटर सोमवारी ७ आणि बुधवारी ४ का येतो?

राणीखेत म्हणजे कोंबड्यांची मानमोडी, आणि टायटर म्हणजे सीरम किती पट पातळ केलं तरी त्यातल्या अँटिबॉडी व्हायरसला अडवतात तो आकडा. एका वेलचा (प्लेटवरच्या एका खळग्याचा) फरक असता तर सोडून द्या म्हटलं असतं, पण तेच सीरम, तीच एचआय टेस्ट (व्हायरस रक्ताच्या तांबड्या पेशींना एकत्र बांधतो, सीरम त्याला अडवतं का हे बघणारी) आणि ७ लॉगचं थेट ४ (एक लॉग म्हणजे दुपटीची एक पायरी) म्हणजे टायटर आठपट खाली, हे कोंबडीत नाही, प्लेटवर झालंय. म्हणून फार्मवाल्याला लगेच मानमोडीची लस परत पाजायला सांगू नका प्लीज, त्याचा खर्च आणि पक्ष्यांना ताण उगाच.

आधी बॅक टायट्रेशन करा, म्हणजे टेस्टसाठी पातळ केलेलं अँटिजेन (त्यातला व्हायरस) परत मोजा. अँटिजेनचा एचए टायटर (किती पट पातळ केलं तरी ते तांबड्या पेशी बांधतं) २५६ आला की ४ युनिटसाठी १:६४ करायचं हे सगळे करतात, पण बनवलेलं खरंच ४ युनिटचं आहे का हे घाईत बघायचं राहतं. त्याचंच परत डबल डायल्यूशन लावायचं, जसंच्या तसं, मग निम्मं, मग पाव, या तिन्ही वेलमध्ये जाळी (बांधल्या जाऊन पसरलेल्या पेशी) दिसायला हवी आणि चौथ्यात बटन (तळाशी ठिपक्यासारख्या बसलेल्या मोकळ्या पेशी). पाच वेलपर्यंत जाळी गेली तर तुमच्याकडे १६ युनिट आहेत, सीरमला चौपट व्हायरस अडवायचाय, टायटर २ लॉग खाली येणारच. मी नवीन असताना अँटिजेनची व्हायल नीट न हलवता तळाचं उचललं होतं आणि पूर्ण फ्लॉकचे टायटर पडलेत असं सरांना सांगून बसले होते, त्या फार्मरचा उतरलेला चेहरा अजून आठवतो.

पण मुळात ७ च बरोबर असं का धरताय? तुम्ही लिहिलंय लॅब नागपूरला, मे महिना आणि सोमवारी एसी बंद. राणीखेतच्या व्हायरसला न्युरामिनिडेज हे एन्झाइम असतं, गरमीत प्लेट जास्त वेळ राहिली की तो आरबीसी (तांबड्या पेशी) सोडून देतो, जाळी सुटून बटन बनतं आणि टायटर खोटाच वर दिसतो. साध्या रूम टेंपरेचरला ४० मिनिटं पुरतात, एवढ्या उन्हाळ्यात आरबीसी टाकल्यावर सरळ ४ डिग्रीला ६० मिनिटं ठेवा. आणि वाचताना प्लेट तिरकी धरा, कंट्रोल वेलसारखाच (ज्यात व्हायरस नसतो, नुसत्या आरबीसी असतात) ओघळ आला तरच ते बटन.

माहितीतलं पॉझिटिव्ह सीरम लावता ना प्रत्येक वेळी? ते ठरलेल्या टायटरच्या एका डायल्यूशनच्या आत आलं नाही तर रिपोर्ट द्यायचाच नाही, कितीही फोन येऊ देत. सीरम उरलं असेल तर ताज्या डायल्यूट केलेल्या अँटिजेनने एकाच प्लेटवर तीनदा लावा आणि बॅक टायट्रेशनसकट आकडे इथे टाका, मी बघते.