आरडी ३५० विकू की ठेवू?

भावा, आधी एक ठरव: गाडी चालवणार आहेस का नुसती झाकून ठेवणार? आरडी ३५० म्हणजेच राजदूत ३५० मोटरसायकल, तिचं उत्पादन १९९० च्या आसपास थांबलं, त्यामुळे भाव वाढलाय हे खरं. पण टू-स्ट्रोक इंजिनाची गाडी न चालवता उभी राहिली की क्रँकचे ऑइल सील कडक होतात, कार्बोरेटर चिकटतो. महिन्यातून दोनदा रंकाळ्यापर्यंत तरी फिरवणार नसशील तर वीक, मी नाही म्हणणार नाही.

ठेवायची असेल तर आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचं प्रमाणपत्र, बघ. १५ वर्षांनंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते झालेलं नसेल तर आधी ते कर. आणि व्हिंटेजची सवलत डोक्यातून काढ, त्याला गाडी ५० वर्षांची व्हावी लागते.

विकायचीच असेल तर नवखे हमखास चुकतात त्या तीन गोष्टी:

- चकाचक रंग मारणं. ओरखडे असलेला मूळ रंग जाणकाराला जास्त हवा असतो.
- मीटर, सायलेन्सर सुटे विकणं. मी २०१९ च्या पुरानंतर पैशाच्या नडीनं सायलेन्सर विकले. तसली जोडी अजून उद्यमनगरात शोधतोय.
- मालकी बदलायच्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर कोऱ्या सह्या देणं. नाव बदलेपर्यंत दंड नि अपघात तुझ्याच नावावर.

पहिल्या एजंटाचा आकडा ऐकून लगेच हो म्हणू नकोस. इंजिन आणि चेसिस नंबर आरसीशी जुळतात का बघून सांग, मग भावाचं बोलू.