उरलेला ब्रेड फ्रीजमध्ये नको, गच्चीवर टाका

ताई, तुमचं गणित अगदी आमच्या घरचंच. तीन माणसं, ४०० ग्रॅमचं ब्रेडचं पाकीट. पहिल्या दिवशी सँडविच, दुसऱ्या दिवशी चहाबरोबर दोन-दोन स्लाइस, मग उरलेले सात-आठ फ्रीजमध्ये आठवडाभर पडून. वर पावभाजीला आणलेल्या लादीतले चार-पाच पाव आहेतच. तुम्ही विचारलंय, फ्रीजमध्ये ठेवूनही ब्रेड ताठ का होतो, आणि तळणाशिवाय त्याचं काय करता येईल. पकोडे आणि शाही तुकडा सुचवणारे पुष्कळ भेटतील, पण शिळा ब्रेड तेल कसा पितो ते कढई रिकामी झाल्यावरच कळतं. पंधरा रुपयांचा ब्रेड वाचवायला वाटीभर तेल घालवायचं, हा हिशेब मला कधी पटला नाही.

आधी फ्रीजचं. ब्रेड शिळा होणं म्हणजे नुसतं वाळणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. पाकीट रबर लावून घट्ट बांधा, आतलं पाणी आतच राहू द्या, तरी स्लाइस ताठ होतोच. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, मऊ होतो. गार झाला की तोच हळूहळू परत घट्ट बसायला लागतो. आणि हे सगळ्यात वेगाने होतं गोठायच्या थोडं अलीकडच्या थंडीत, म्हणजे नेमकं आपल्या फ्रीजमध्ये. रात्रीचा भात फ्रीजमधून काढला की टोचरा लागतो ना, तेच कारण. बुरशी लांबते हे खरं, पण ब्रेड ओट्यावर असता तर झाला नसता इतका लवकर म्हातारा होतो.

वरचा बर्फाचा कप्पा चालतो. तिथे हे घट्ट बसणं जवळपास थांबतं. पण मी भुसावळची. मे महिन्यात दुपारी लाइट गेली की आमचा बर्फ वितळून खालच्या भाज्यांवर टपकतो, तिथे ब्रेडची काय कथा. तुमच्याकडे लाइट टिकत असेल तर आणल्या दिवशीच निम्मं पाकीट वर ठेवा आणि लागतील तसे स्लाइस काढून थेट तव्यावर टाका. नुसता ताठ झालेला ब्रेडही पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर गरम केला की मऊ होतो. साधारण ६० अंशांच्या वर गेला की तो घट्ट बसलेला स्टार्च परत सैल होतो. मात्र लगेच खायचा. गार झाला की आधीपेक्षा वाईट.

आता गच्ची. आपल्या खान्देशात उन्हाळाभर बिबडे, कुरडया, पापड सगळं गच्चीवर वाळतं. मग ब्रेडनेच काय घोडं मारलंय? एप्रिल-मे मध्ये पारा ४२-४४ वर असतो, हवा कोरडी ठाक. स्लाइसच्या बोटभर रुंद पट्ट्या कापा, पाव असेल तर हाताने तोडा, जुन्या सुती साडीवर एकाला एक न लागता पसरा. वरून पातळ ओढणी टाकून चार कोपऱ्यांना विटा ठेवा. कावळे आणि दुपारची वावटळ, दोन्हींसाठी. सकाळी दहाला टाकलेलं चार वाजता तयार.

तयार झालं हे कसं ओळखायचं? पट्टी मोडून बघा. खळकन तुटली पाहिजे. जरा वाकून मग तुटली तर आत ओल आहे. ताज्या ब्रेडमध्ये ३५ ते ४० टक्के पाणीच असतं, म्हणून काटा असेल तर वजन करा: १०० ग्रॅमचे ६५ ग्रॅमच्या आसपास झाले म्हणजे काम झालं. मग मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, रवाळ ठेवा, पीठ करू नका.

ओलीची गोष्ट मी एवढी घोकतेय कारण एकदा चांगली फसलेय. श्रावणात, झड लागलेली, ऊन नव्हतंच. पंख्याखाली दोन दिवस वाळवलं, हाताला कडक लागलं, डबाभर चुरा करून ठेवला. दहा-बारा दिवसांनी झाकण उघडलं तर वरून सगळं ठीक. चमचा घातला आणि खालून गोळाच वर आला, हिरव्या लवेचा. सगळा डबा फेकला. तेव्हापासून पावसाळ्यात वाळवणाच्या फंदात पडत नाही. थोडं असेल तर तव्यावर अगदी मंद आचेवर, हलवत हलवत कोरडं करते आणि त्याच आठवड्यात संपवते.

चुऱ्याचं काय करायचं? माझ्याकडे तो सगळ्यात जास्त जातो फुनक्यांत, म्हणजे आपल्या डाळीच्या वाफवलेल्या मुटक्यांत. तुरीची डाळ चार तास भिजवून जाडसर वाटायची, त्यात लसूण, हिरवी मिरची, जिरं, कांदा, कोथिंबीर, मीठ. वाटताना हात सैल पडून पाणी जास्त झालं की मुटके वळत नाहीत. आधी मी बेसन घालायचे, त्याने फुनके घट्ट दडस होतात. दोन मुठी ब्रेडचा चुरा घाला आणि दहा मिनिटं थांबा. तो जास्तीचं पाणी ओढून घेतो, आणि वाफवल्यावर फुनका हलका राहतो. वीस मिनिटं वाफ, मग कढीबरोबर, वरून कच्चं शेंगदाण्याचं तेल. सासूबाईंना पहिल्यांदा न सांगता वाढलं होतं. त्यांनी दोन खाल्ले आणि विचारलं, "डाळ कोणती आणली?" अजूनही सांगितलेलं नाही.

शेवभाजीच्या रश्श्यालाही चमचाभर चुऱ्याने दाटपणा येतो. पण ब्रेड बघून. मिल्क ब्रेडचा चुरा घातला तर काळ्या मसाल्याचा रस्सा गुळचट लागतो. पाहुणे जेवायला बसलेले असताना मी हा शोध लावलाय. गोड ब्रेड तुपावर परतून आटवलेल्या दुधात घाला, रश्श्यात फक्त साधा ब्रेड नाहीतर पाव.

पाव उरले तर आडवे चिरून कापलेल्या बाजूने तव्यावर भाजा आणि शेवभाजीतच बुडवून खा. ताजा पाव रश्श्यात विरघळतो, कालचा टिकतो. याहून जास्त काही करायची गरज मला वाटत नाही.

तुम्ही शेवटी जाता जाता भाकर-पोळीचंही विचारलंय. खरं म्हणजे आपल्याकडे ब्रेडपेक्षा तेच जास्त उरतं. इथे एक फरक लक्षात ठेवा. गव्हात चिकटपणा असतो म्हणून शिळी पोळी वातड होते. ज्वारी-बाजरीत तो नसतो म्हणून शिळी भाकर भुसभुशीत होते. त्यामुळे पोळीचा चिवडा करताना तुकडे बारीक हवेत आणि आच जरा मोठी, म्हणजे कडा कुरकुरीत होतात. भाकरीला ओल द्यावी लागते, आणि ती पाण्याची नको, ताकाची द्या.

तीन भाकरी हाताने कुस्करा. मिक्सरमध्ये घातल्या तर भुकटी होते आणि मग उपम्यासारखा लगदा. हरभऱ्याएवढे तुकडे राहिले पाहिजेत. त्यावर अर्धी वाटी आंबटसर ताक शिंपडून झाकून ठेवा, तोवर दोन मोठे कांदे चिरा. कढईत दोन पळ्या शेंगदाण्याचं तेल, त्यात आधी शेंगदाणे तळून घ्या, मग मोहरी, जिरं, भरपूर ठेचलेला लसूण, हिरव्या मिरच्या, कांदा, हळद. कांदा लाल करू नका, नुसता पारदर्शक. मग भाकर, मीठ, झाकण, पाच मिनिटं मंद आच. झाकण काढल्यावर तळाला पातळ खरपूस थर धरला असेल तर तो खरवडून वर घ्या. आमच्या घरी त्यावरून भांडणं होतात. कळण्याची भाकर असेल तर मात्र फोडणी देऊ नका. ज्वारीत उडीद आणि मीठ दळलेलं असतं, ती शिळीच जास्त चवदार लागते. तिच्यावर तेल, तिखट आणि हाताने फोडलेला कांदा पुरे.

काय ठेवायचं नाही तेही सांगते. बुरशीचा एक ठिपका दिसला तरी तेवढाच भाग कापून बाकीचा वापरू नका. ब्रेड सच्छिद्र असतो, तंतू दिसतात त्याच्या कितीतरी पुढे गेलेले असतात. आणि उन्हाळ्यात कधी कधी बुरशी नसते, पण पाकीट उघडलं की पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो आणि स्लाइस तोडला की आत चिकट तार सुटते. तो जिवाणूंचा प्रताप. ते भाजल्याने जात नाहीत, पाकीट सरळ टाकून द्या. असला ब्रेड गायीलाही घालू नका. चांगला असला तरी एखाद-दुसरा तुकडाच. एकदम खूप ब्रेड खाल्ला की तिच्या पोटात आंबतो आणि जनावर आजारी पडतं. गल्लीभरचे लोक एकाच गायीला पाकिटं रिकामी करतात तेव्हा मला तिचीच काळजी वाटते.

गव्हाच्या पिठाच्या बट्टीचं तुम्ही विचारलं नाही, पण वरण-बट्टीच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच बट्ट्या सगळ्यांकडेच असतात. तळून झालेल्या असतील तर परत तळू नका. जाडसर कुटा, चाळा, चाळणीवर राहिलेलं परत कुटा. वाटीभर चुऱ्याला पाऊण वाटी किसलेला गूळ, थोडी वेलची आणि मावेल तेवढं गरम तूप. ओवा घातलेली बट्टी असेल तरी चालतं, चव वेगळी लागते एवढंच. लाडू तूप गरम असतानाच वळा, गार झालं की चुरा हातातून सुटतो.